जयमालाची शिट्टी

जिल्ह्याच्या धनुर्विद्या संघात राजनंदिनीची निवड झाली आणि जयमालाची थोडक्यात हुकली. त्यात भर म्हणून प्रशिक्षक सरांनी सुरक्षेची शिट्टी नेमकी जयमालाच्याच गळ्यात अडकवली. ती वाजली की साऱ्या मुलींनी धनुष्य खाली घ्यायचं. नेम धरायचा राजनंदिनीने आणि राखण करायची आपण, हे जयमालाच्या मनात काट्यासारखं सलत राहिलं.

आज राजनंदिनीचे तिन्ही बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळात एकमेकांना खेटून बसले. दुसऱ्या बाणालाच सुरू झालेला मुलींच्या टाळ्यांचा कडकडाट तिसरा बसला तरी थांबला नाही. जयमाला तेवढी हाताची घडी घालून उभी राहिली.

बाण उपटून आणून राजनंदिनी पुन्हा दोरी ताणणार, तोच शिट्टी वाजली.

“आधी बाण वाकवून बघ,” जयमाला म्हणाली.

“जळतीस तू माझ्यावर. समद्या मिरजगावला म्हाईत हाय.”

“व्हय, जळते. पन बाण वाकव.”

राजनंदिनीने चिडून एकेक बाण कानाशी धरून वाकवला. तिसरा कर्रकन वाजला आणि त्याच्या दांडीवर केसाएवढी चीर उघडली. सुटताना तो फुटला असता, तर धनुष्य धरलेल्या तिच्याच हातात घुसला असता. तिने तो बाण बाजूला ठेवला.

“तुला कसं गं कळलं?”

“बाणावर बाण आपटल्याचा आवाज आला. टक्कन.”

“मग आमाला कुनालाच कसा ऐकू आला न्हाई?”

“समद्या टाळ्या वाजवत हुत्या,” जयमाला खाली बघत म्हणाली. “मी न्हवते.”