डोंगरातलं जंक्शन

"लोणच्याची बरणी नको, आई. दे विल थ्रो इट," श्रेया म्हणाली.

"फेकायला काय झालंय? कागदात गुंडाळलीय की," म्हणत रखमाने बरणी स्वेटरांच्या घडीत खुपसलीच. बॅग मिटेना. शेवटी श्रेयाचा बाप गुंडू तिच्यावर बसला, तेव्हा कुठे चेन लागली.

नवं जाड जॅकेट घालून श्रेया आरशासमोर गिरकी घेत होती. ते अंगात चांगलंच ढगळ होत होतं.

"मोठंच बरं," रखमा म्हणाली. "आत दोन स्वेटर मावतील."

गाव स्कॉटलंडच्या डोंगरात होतं. तिथल्या वृद्धाश्रमात नोकरी मिळाली होती. गावाचं नाव गुंडूच्या तोंडात अजून बसत नव्हतं. श्रेयाने मोबाईलवर नकाशा दाखवला होता: दोन रेल्वेलाइनी तिथेच फुटतात, मोठे रस्ते तिथेच मिळतात, आणि भोवती नुसते डोंगर.

"बाईमाणसाला एवढ्या लांब एकटं धाडतोस?" त्याच्याबरोबर स्कूलबस चालवणाऱ्या संतोषने विचारलं होतं. गुंडूच्याही मनात तेच होतं. इंग्रजीच्या परीक्षेत पहिल्यांदा नापासाचा निकाल आला, तेव्हा त्याला आतून बरंच वाटलं. परत तसंच होऊ दे, म्हणून त्याने देवाला नारळही बोलला. मायलेकी स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसल्या की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

तरी दुसऱ्या वेळी पासाचा निकाल आला. दोघी एकमेकींना धरून नाचल्या. ते बघता बघता आपणही हसतोय, हे गुंडूला उशिरा कळलं. दुसऱ्या दिवशी तो गपचूप जाऊन ते जॅकेट घेऊन आला.

इथे आखातात, मुहर्रकच्या ज्या अरब घरात रखमा लाईबाआजींची देखभाल करायची, तिथून खजुराचा डबा आला होता. तो हातातल्या पिशवीत गेला. नईम मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीतून गाडी बाहेर पडली, तेव्हा दुपारचं ऊन काचेवर भाजत होतं.

"बर्फात गाड्या बंद पडत असतील," गुंडू म्हणाला.

"बाबा, रिलॅक्स. ट्रेन्स आहेत ना!"

तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "जिथनं एवढ्या वाटा निघतात, तिथनं घरची वाट घावंलच की."

मागच्या सीटवर मायलेकी एकमेकींचा हात घट्ट धरून बसल्या होत्या.

विमानतळावर रखमाने श्रेयाला कुशीत घेतलं. "वेळेवर जेवत जा. रोज फोन कर. बाबांच्या बोलण्याचा राग धरू नकोस."

"आय नो, आई."

गुंडूला कितीतरी बोलायचं होतं. "यल्ला, चला, उशीर होतोय," एवढंच तोंडातून निघालं.

रखमाने ओढणीने डोळे पुसले, पर्समधून आपला पासपोर्ट काढला आणि बापलेकीला दारात सोडून, सामानाची गाडी ढकलत ती एकटीच आत गेली.