आकार क्रमांक एक

गिरगावातल्या आमच्या चाळीतले चित्रकार चिंतामणी भाऊजी तीस वर्षं विवस्त्र बायकांची चित्रं काढतायत, पण एकीलाही त्यांनी चेहरा दिलेला नाही. मी एकदा कारण विचारलं तर माझ्यावरच घसरले. "वहिनी, तुमची नजर साफ नाही. चेहरा गेला की बाई उरतच नाही, उरतो तो शुद्ध आकार!"

यंदा चाळीच्या शंभरीला खालच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. त्यांच्या बायकोनं, सुमतीनं, कुणाला न सांगता त्यात स्वतः काढलेलं एक चित्र टांगलं. पाठमोरा पुरुष, अंगावर चिंधी नाही आणि मानेच्या वर काहीच नाही. खाली चिठ्ठी होती, 'आकार क्रमांक एक'.

भाऊजी दचकले, पण लगेच सावरले. "चेहराच नाही म्हटल्यावर कोण ओळखणार?"

तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या शेवंताकाकू चष्मा पुसत पुढे आल्या. "अगोबाई, हे तर आपले चिंतामणी! रोज सकाळी गॅलरीत उघडे उभे राहून दात घासतात ना, तीच ही पाठ आणि तोच खांद्यावरचा तीळ. सुमती, टॉवेल तेवढा रंगवायचा राहिला गं!"

आम्ही बायका हसून हसून खुर्च्यांवर कोसळलो. सुमती मात्र शांतपणे म्हणाली, "क्रमांक दोनला कोणाला घ्यायचं, ते अजून ठरवते आहे."



दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीतले एकूण एक पुरुष गळ्यापर्यंत शर्टाची बटणं लावून दात घासत होते.