मानेची खोड

जुने फोटो घेऊन या, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा तिला आधी थट्टाच वाटली. पण बस चालवणाऱ्या बाईला एकावर एक दोन रस्ते दिसू लागले की थट्टा सुचत नाही. स्टिअरिंग हातात राहतं की जातं, एवढाच घोर. तिने अल्बम काखोटीला मारला आणि आईलाही सोबत घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी तिची मान उजवीकडे कलवली. उजवा डोळा वर सटकला आणि भिंतीवरच्या दिव्याचे दोन झाले. डावीकडे कलवताच पुन्हा एक. मग त्या अल्बम चाळत बसल्या. शाळा, सहल, लग्न. जिथे तिथे मान डावीकडे.

"सुटलात! नवं दुखणं असतं तर मेंदूचा स्कॅन करावा लागला असता. तुमची डोळा फिरवणारी नस जन्मापासूनच अधू आहे. मान कलवून आजवर निभावलंत, आता डोळा थकला. चष्म्यात खास भिंग बसवू. एक दिसायला लागलं की खुशाल बस चालवा."

तिचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे ही खोड नव्हती?" ती हसत सुटली. घरात तिचं नावच वाकडी. पाहुण्यांसमोर मान कलली की आईची चापट बसलीच, आणि वर, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही!

"खोड कसली? लहानपणी कुणाला दाखवलं नाही?"

आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "दाखवलं होतं. शाळेत घालायच्या आधीच. तेव्हाचे डॉक्टरही नसच म्हणाले होते."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. परक्याने फसवलं तर शिव्या तरी देता येतात.

"तुला ठाऊक होतं? मग मारायचीस का?"

"घरात कधी मारलं का गं? चारचौघांतच ना?" आईचा आवाज चढला. "खोड म्हटली की लोक हसून सोडून देतात. व्यंग आहे कळलं असतं, तर तुझं लग्न झालं असतं?"

डॉक्टरीणबाईंनी घसा खाकरला आणि तिच्या उजव्या डोळ्यापुढे भिंग धरलं.

"समोर आईच्या चेहऱ्याकडे बघा. एकच दिसतोय?"

"मला दुसरं काहीतरी दाखवा," ती म्हणाली.