मधला ग्लास

साकीनाक्याच्या बिअर कारखान्यात चव ओळखायला आम्हाला लिओनार्ड अंकलनी शिकवलं. मी तिथला केमिस्ट, बाकी चार नवीन मुलंमुली. बिअरच्या एकेका प्रकाराची खूण अंकल सांगायचे: "लागरमध्ये ताजा पाव शोधा, पिल्सनरमध्ये कडवट पाला. आणि काळी स्टाउट म्हणजे, नलिनी, तुझी करपलेली भाकरी!" नवीन मुलींपैकी एकीला ते चिडवायचे.

गेल्या महिन्यातल्या तापानंतर अंकलचं नाक गेलं, अशी कुजबुज सुरू झाली. साहेबांनी चाचणी ठेवली. तीन ग्लास, त्यातल्या दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखायचा. तीनदा चुकले तर नोकरी संपली.

दोनदा ते चुकले. तिसऱ्या वेळचे ग्लास मीच भरले होते. मुलं समोरच्या बाकावरून बघत होती. अंकलनी तिन्ही ग्लास हुंगले, एकेक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर मधल्या ग्लासवर ठेवली आणि हलवली नाही.

"पहिला," ते म्हणाले.

मी निकालाचा तक्ता पुढे ओढला.

"अंकल, मी दाखवत होतो ना," मी हळूच म्हणालो. "दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं रे. या पोरांनापण दिसलं." त्यांनी रुमालाने ओठ पुसले. "आता गुपचूप 'चूक' लिही. नाहीतर उद्या बिअर नासली, तर ही पोरं ग्लास सोडून तुझं तोंड बघत बसतील."