डोक्यावर उभी पुस्तके

"सुलटी किती, तेवढंच सांगा," वाचनालयाचे अध्यक्ष जिन्यातूनच ओरडले. "उलटी मी रद्दीवाल्यासमोर मोजून घेईन."

"जरा धीर धरा, साहेब," म्हणत ग्रंथपालांनी वरच्या दालनाचे दार ढकलले. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

वाद जुना होता. वरच्या दालनात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र असा सगळा विभाग. घरी नेलेल्या पुस्तकांची नोंद पाहिली तर तिथे वर्षानुवर्षे शुकशुकाट. अध्यक्षांना ती कपाटे हलवून परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी टेबले मांडायची होती. लोक इथेच बसून वाचतात, ते नोंदीत दिसणार कसे, असे ग्रंथपालांचे म्हणणे.

"लोक वर जातात ते पंख्याखाली डुलकी काढायला," अध्यक्ष म्हणत. "मॅडम, तुमचं समाजशास्त्र समाजालाच नको आहे."

शेवटी ग्रंथपालांनीच तोड काढली. तीन महिन्यांपूर्वी, एका सुट्टीच्या दिवशी, त्यांनी आणि लेखनिकाने विभागातले एकेक पुस्तक उलटे करून ठेवले. कणा बाहेर, डोके खाली. जो कोणी पुस्तक काढून वाचेल, तो परत ठेवताना सुलटेच ठेवणार. माणसाचा हातच तसा असतो. म्हणजे सुलटे ते वाचलेले आणि उलटे ते नुसते पडून राहिलेले. निम्मी पुस्तके सुलटी निघाली, तर उरलेली बाद करून त्या जागी ग्रंथपालांच्या पसंतीची नवी येणार. नाही निघाली, तर विभागच बंद. अध्यक्षांनी हातावर हात मारून शब्द दिला होता.

वाचकांना काही सांगायचे नाही, भिंतीवर सूचना लावायची नाही, झाडलोट करणाऱ्यांनी फळ्यांना हात लावायचा नाही, हेही ग्रंथपालांनीच ठरवले. त्या स्वतः वर फिरकल्यासुद्धा नाहीत. प्रयोग चालू असताना सारखे झाकण उघडून बघू नये, हे त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकल्या होत्या.

पहिल्याच फळीवर एक पुस्तक सुलटे होते.

"सापडलं!" लेखनिकाने टाळी वाजवली. त्याच्या शेजारी आणखी एक. ग्रंथपालांना नव्या कोऱ्या पुस्तकांचा वासच आला. घरकामाच्या मोलावरचे, शहरांच्या वाढीवरचे, म्हाताऱ्या होत चाललेल्या देशांवरचे. सगळी त्यांनी मनात कधीच निवडून ठेवली होती. त्या पुढच्या फळीकडे जवळजवळ धावल्या.

पुढची फळी डोक्यावर उभी होती. तिच्या खालचीही. मग अख्खे कपाट, आणि त्याच्या पलीकडचेही.

"मॅडम," लेखनिक हळूच म्हणाला, "ती दोन सुलटी होती ना, ती घरी गेलेली. परत आल्यावर मीच ठेवली."

अध्यक्षांनी आनंद लपवला नाही, पण खुर्ची मात्र पुढे सरकवली. "बसा. तोंड पाडू नका. टेबलांवर मुलं येतील, तीही वाचतीलच की!"

ग्रंथपालांनी मान हलवली. प्रयोग त्यांचा, अट त्यांनी मानलेली. निकाल आवडला नाही म्हणून झिडकारायचा, हे त्यांना जमणारे नव्हते. त्यांनी पदर खोचला आणि पहिला गठ्ठा स्वतःच बांधला.

दुपारी टेम्पो दाराशी लागला. शेवटचे गठ्ठे पायरीवर होते, तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड पावले वाजली. शेजारच्या दवाखान्यातली नर्स धापा टाकत खाली आली.

"माझं पुस्तक कुठं गेलं?"

"कुठलं?" ग्रंथपालांनी विचारले.

"मधल्या कपाटातलं. हिरवं, जाडजूड. माणसं गाव सोडून शहरात का येतात, त्याचं. शेवटचं प्रकरण राहिलंय हो! रोज जेवायच्या सुट्टीत वाचतेय मी."

"मग घरी का नाही नेलंत?" अध्यक्षांनी विचारले.

"घरी? घरी पुस्तक उघडलं की सासूबाई विचारतात, आता या वयात कसली परीक्षा?"

लेखनिक हसला. ग्रंथपाल हसल्या नाहीत. हिरवे पुस्तक त्यांनी स्वतःच्या हाताने गठ्ठ्यात घातले होते. ते उलटे होते, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी गाठ ओढून सोडली आणि पुस्तक नर्सच्या हाती दिले. नर्सने ते थेट शेवटच्या प्रकरणावर उघडले.

ग्रंथपाल तिच्याजवळ गेल्या.

"ताई, वाचून झालं की हे पुस्तक तुम्ही ठेवता कसं?"

"कसं म्हणजे? उलटं."

"उलटं?" अध्यक्ष आणि ग्रंथपाल एकदमच ओरडले.

बाकीचे गठ्ठे चढले आणि बाहेर टेम्पो सुरू झाला. ग्रंथपाल पायऱ्या उतरून धावत सुटल्या आणि दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. "बंद करा! आधी बंद करा! एकही पुस्तक हलणार नाही!"

नर्स बावरली. पुस्तक छातीशी धरून ती दारात आली.

"चुकलं का हो माझं? पहिल्या दिवशी मी सुलटंच ठेवत होते. तर सगळ्या टेबलांवरून लोक एकदम खेकसले माझ्यावर, 'अहो ताई, इथं वाचून झालेलं पुस्तक उलटंच ठेवायची पद्धत आहे!'"