कौलाचा व्हिडिओ

गुरवकाकांनी देवीच्या पाषाणावर दोन पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. शिवांगीने मोबाइल स्थिर धरणाऱ्या गिंबलची मूठ दोन्ही हातांनी धरली. मूठ थरथरत होती, वरचा मोबाइल मात्र शांत.

"वयनी, तुझे हात हालले तरी व्हिडिओ हालूचो नाय," सर्वेश कुजबुजला. हा तिचा धाकटा दीर लग्नांचं शूटिंग करायचा, यंत्र त्याचंच.

व्हिडिओ नवऱ्यासाठी, निलेशसाठी होता. तो जहाजावर नोकरीला. देवीने उजवा कौल दिल्याशिवाय तीन वर्षांच्या गौरजाचं ऑपरेशन करायला तो तयार नव्हता, आणि त्याच्या शब्दाशिवाय घरातून पोरीला कुणी नेऊ देणार नव्हतं. तोंडी सांगितलेलं त्याला नको होतं, फोनवर म्हणाला होता, "तू आई. तुका उजवीच पडलली दिसतली. गुरवकाका पण तुझी आसवा बघून व्हयच म्हणतले."

तारीख सोमवारची. डॉक्टर म्हणाले होते, आता थांबण्यात अर्थ नाही.

"बाय माये," काकांनी गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकराच्या काळजाक भोक आसा. डॉक्टर कापूक बघतत. तुझो हुकूम आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी."

"व्हय म्हाराजा," सर्वेश म्हणाला.

खांबाशी बसलेली गौरजा कंटाळून उठली. शिवांगीने तिकडे पाहिलं नाही, मोबाइलच्या पडद्याकडेही नाही. तिची नजर पाकळ्यांवर खिळलेली. उजवी दे गो बाये. उजवी.

किती वेळ गेला कोण जाणे. डावी पडली.

काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "तारीख फुडे ढकला गो."

"परत एकदा लावूया, काकानू?" सर्वेशने विचारलं.

"एका गोष्टीचो कौल दोनदा मागूचो नसता."

शिवांगी सभामंडपाच्या पायरीवर येऊन बसली. सर्वेशने मोबाइल काढून घेतला, व्हिडिओ लावला आणि ओशाळून तिच्यापुढे धरला.

"वयनी, ह्यात पाकळीच नाय. काल लग्नात कॅमेरो आपसूक नवरेच्या तोंडामागसून फिरूक ट्रॅकिंग लावललंय, ता बंद करूक इसारलंय. गौरजा उठली तसो ह्यो तिच्याच मागसून फिरलो."

पडद्यावर गौरजा होती. चार पावलं चालली आणि मटकन उकिडवी बसली. गुडघे पोटाशी घेतले. श्वासागणिक गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. ओठ पिकल्या जांभळासारखे. पुन्हा उठली, तीन पावलं, पुन्हा बसली. सव्वादोन मिनिटं जराही न हलता तो कॅमेरा तिच्याकडे बघत राहिला होता. घरून निलेशला जायचे ते सगळे व्हिडिओ तिच्यामागे धावत, हसवत काढलेले. त्यांत कधी एवढं दिसलंच नव्हतं.

शिवांगीने तो तसाच पाठवला. मग खाली लिहायला घेतलं, "कौल". पुढचा शब्द बोटांना येईना.

दोन निळ्या खुणा उमटल्या. दहा मिनिटं गेली. मग निलेशचा आवाज आला, मागे इंजिनाची घरघर.

"शिवांगी, कौल काय झालो तो माका सांगू नको. सोमवारी तिका घेऊन जा."