सावकाश अक्षर

"बोला ताई, लिहिते," लेखनिक म्हणून मिळालेली अकरावीतली मुलगी म्हणाली. केतकीने पांढरी काठी बाकाखाली सरकवली. घर सोडून विद्यापीठात आल्यावरचा तिचा हा पहिलाच पेपर. ती उत्तर सांगू लागली.

तिचं बोलणं थांबलं की पेनही लगेच थांबायचं. केतकीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. "सगळं लिहिलंस ना?"

"हो. तुम्ही सांगितलंत तेवढं सगळं."

गावी दहावी-बारावीला धाकटी मावसबहीण लिहायला बसायची. धडेही तीच वाचून दाखवायची. केतकी गप्प झाली तरी बहिणीचं पेन कितीतरी वेळ कागदावर खरखरत राहायचं. बिचारी अक्षर सावकाश काढते, असंच केतकीला वाटत आलं होतं. बारावीला केतकी तालुक्यात पहिली आली, सत्कार झाला, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या त्याच पोरीच्या होत्या.

पहिली नक्की कोण आली होती?

"ताई," मुलगी हळूच म्हणाली, "उत्तर फारच छोटं झालंय. सुपरवायझर बाहेर गेलेत. मी घालू का थोडी भर?"

"नको" म्हणायला केतकीला फार वेळ लागला.